तार बारीक आहे म्हणूनच: ट्यूनिंग स्विचवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

ट्यूनिंग स्विचची, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या स्विचची, तार कशी न्यावी या माझ्या सल्ल्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं, की या स्विचमधून करंट जातो नावापुरता. दोन बारीक तारांसाठी मी क्लस्टरचं (स्पीडोमीटर, काटे असतात त्या भागाचं) पॅनल खोलायला लावतो आणि गाडीवाल्याचा दिवस बुडवतो. अमेरिकन व्हिडिओत क्लच पेडलच्या वरच्या ग्रोमेटमधून (पत्र्याच्या भोकातल्या रबरी कडीतून) तार ओढली की काम संपतं, आणि कळंबोलीतला तुमचा इलेक्ट्रिशियनही अर्ध्या तासात करून देतो.

भाडं बुडण्याचा मुद्दा खरा आहे. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. पण करंट कमी आहे म्हणून तार कशीही नेली तरी चालते, हे मला अजिबात मान्य नाही. करंट कमी आहे म्हणूनच ती जपून न्यावी लागते.

हेडलाइटच्या तारेतून काही अँपिअर जातात. जोड खराब झाला की दिवा मंद होतो आणि ते डोळ्यांना दिसतं. हा पाच पोझिशनचा स्विच मात्र स्वतः काहीच चालवत नाही, तो ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, फक्त खबर देतो. प्रत्येक पोझिशनला वेगळा रेझिस्टर, म्हणून ईसीएमकडे वेगळं व्होल्टेज. सेन्सरच्या लाइनवर एकूण 5 व्होल्ट असतात. त्यात पाच पायऱ्या बसवल्या तर दोन पायऱ्यांमध्ये साधारण एका व्होल्टचंच अंतर उरतं. जोडात किंवा अर्थमध्ये अर्ध्या व्होल्टचा घोळ झाला, की ईसीएम दुसरीच पोझिशन समजू शकतो. भरलेली गाडी बोरघाट चढत असताना इंजिनाचा जोर मध्येच बदलला, तर ड्रायव्हरला कळणारही नाही की दोष डॅशबोर्डमागच्या एका चिमट्यात आहे. मग इंजेक्टर तपासा, डिझेल फिल्टर बदला, असा खर्च सुरू होतो.

दुसरी गोष्ट गंजाची. जिथे बऱ्यापैकी करंट असतो तिथे कॉन्टॅक्टवरचा ऑक्साइडचा पातळ थर करंटच फोडून टाकतो. मिलिअँपिअरमध्ये ती ताकद नसते, थर बसला की बसला. आपल्याकडे वडाळ्याला, शिवडीला, न्हावाशेवाच्या रांगेत गाड्या खाऱ्या हवेत तासन्‌तास उभ्या असतात, आणि त्यावर चार महिने पाऊस. तार न कापता वरून दाबून बसवायची ती प्लास्टिकची क्लिप तुमच्या इलेक्ट्रिशियनने वापरली असेल, तर मला काळजी तिचीच जास्त वाटते. तिचं पातं तारेचं इन्शुलेशन फोडतं आणि नेमकी तिथूनच ओल आत शिरते. त्याऐवजी नीट क्रिंप केलेला, म्हणजे अवजाराने दाबून पक्का केलेला जोड आणि वरून गरम केली की आवळणारी गोंदवाली हीटश्रिंक नळी वापरा. नुसतं सोल्डर करून सोडू नका. सोल्डर तारेच्या पेडांत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि गाडीच्या थरथरीत त्याच्या कडेला तार तुटते.

अर्थ बॉडीवरून घेऊ नका, अर्थही ईसीएमच्या सेन्सर अर्थवरूनच आणा. ब्लोअर, वायपर, दिवे सगळे चालू असताना बॉडीच्या अर्थचं व्होल्टेज थोडं वर उचललं जातं आणि तो फरक थेट सिग्नलमध्ये मिसळतो. सिग्नल आणि अर्थ या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्या, अल्टरनेटरच्या जाड केबलपासून लांब.

आता त्या व्हिडिओंबद्दल. हा स्विच मुळात ड्युरामॅक्स, कमिन्स, पॉवरस्ट्रोक ही इंजिनं असलेल्या अमेरिकन डिझेल पिकअपच्या दुनियेतला. त्या गाड्या बॉनेटवाल्या, 12 व्होल्टच्या. केबिन आणि इंजिन यांच्यामध्ये एक पत्रा, त्यात ग्रोमेट, तिथून तार पार. तुमचा ट्रक 24 व्होल्टचा आणि त्याची केबिन पुढे झुकते. व्हिडिओवाल्याला हा प्रश्नच नसतो. इंजिनाच्या कामासाठी केबिन उचलली की चासीवरून केबिनमध्ये येणारी प्रत्येक तार ताणली जाते. कंपनीचं लूम (तारांचा जुडगा) पुढच्या हिंजजवळून ढील ठेवून नेलेलं असतं ते यासाठीच. तुमची तार त्याच वाटेने, तेवढीच ढील ठेवून, त्याच लूमला बांधून गेली पाहिजे. सरळ खाली सोडलेली तार केबिन पहिल्यांदा उचलेपर्यंत टिकते, नंतर एक तर तुटते किंवा पत्र्याच्या धारेवर सोलून निघते. या एका तुकड्याला मी जास्त वेळ द्यायला सांगतो आणि सांगत राहणार.

पेडलच्या बाजूने तार वर घेण्याचा हट्ट सोडा. स्टिअरिंगचा शाफ्ट तिथेच फिरतो, आणि लोंबलेला एक फास ब्रेकच्या पेडलमागे अडकला तर पुढचं बोलायला नको. तिथे ड्रिल तर चालवूच नका, ब्रेकच्या हवेचे नायलॉन पाइप त्याच भागातून जातात. क्लस्टरचं पॅनल काढून मागून तार घेतली की हे सगळं टळतं. एअरबॅग असलेल्या पिकअपमध्ये पिवळ्या कनेक्टरला आणि पिवळ्या स्लीव्हला हात लावायचा नाही. त्यांना आपली तार बांधायचीही नाही.

स्विचमध्ये 12 व्होल्टचा दिवा असेल तर तो ट्रकच्या 12 व्होल्टच्या दोनपैकी एका बॅटरीवरून घेतात, हे मी बऱ्याच गाड्यांत पाहिलं आहे. त्याने एक बॅटरी कमी चार्ज होते आणि दुसरी जास्त. 24 चे 12 व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर लावा आणि फ्यूज पुरवठ्याच्या टोकाशी ठेवा. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, स्विचजवळ लावून उपयोग नाही.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. बीएस-6 गाडीत धूर साफ करणारी यंत्रणा बंद करणारं ट्यून (ईसीएममधलं सेटिंग) या स्विचवर ठेवायचं असेल, तर त्या कामात मी मदत करणार नाही. शेजारून स्कूटरवर जाणारा माणूस तोच धूर घेतो.

तुमची तार आधीच टाकून झाली आहे, तेव्हा पावसाळ्याआधी एवढं करा. आधी इंजिन बंद, चावी ऑन ठेवून मल्टिमीटरने पाचही पोझिशनचं व्होल्टेज लिहून घ्या. बल्बचा टेस्टर लावू नका, तो ओढतो तेवढा करंट ईसीएमच्या लाइनला झेपेलच असं नाही. मग केबिन उचला आणि सुरक्षा दांडी लागली आहे हे बघून मोजमाप पुन्हा घ्या. हिंजजवळची तार हाताने हलवताना आकडा जराही नाचला, तर दोष तिथेच आहे. आकडे आणि हिंजजवळचा फोटो पाठवा, नेमकं कुठून वळवायचं ते बघून सांगतो.