झाकलेल्या कॅमेऱ्यातले ठिपके टॉवरचे नव्हेत

मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावा, गच्चीवर जाऊन फोन टॉवरच्या दिशेने धरा आणि दहा सेकंदांचा फोटो घ्या. काळ्या चित्रात जे पांढरे ठिपके दिसतील ते म्हणजे तुमच्या शरीरातून आरपार जाणारे 5जी टॉवरचे किरण, असे सांगणारा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतो. ‘सर्नमधले (जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतले) शास्त्रज्ञही असेच सेन्सर वापरतात’ अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. ठिपके दिसतात हे खरे आहे. सर्नची गोष्टही अर्धी खरी आहे, आणि संदेश पटतो तो त्यामुळेच.

पहिला दावा असा की प्रत्येक ठिपका म्हणजे एक किरण. कॅमेऱ्याच्या सेन्सरमधला सिलिकॉनचा पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक बिंदू टिपणारा कप्पा, किरण ओळखत नाही. तो फक्त आपल्या हद्दीत सुटे झालेले इलेक्ट्रॉन गोळा करतो आणि ते किती जमले तेवढेच सांगतो. ते सुटण्याची कारणे मात्र अनेक आहेत. दृश्य प्रकाशाचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, शोषला गेला की साधारणपणे एक इलेक्ट्रॉन सुटतो. एखादा वेगवान विद्युतभारित कण आरपार गेला, तर त्याच्या वाटेतल्या प्रत्येक मायक्रोमीटरला 60 ते 80 इलेक्ट्रॉन सुटतात. आणि कोणीही आले-गेले नाही, तरी नुसत्या उष्णतेने थोडे इलेक्ट्रॉन सतत सुटत राहतात. यालाच डार्क करंट म्हणतात. ज्या पिक्सेलखालच्या स्फटिकात एखादा दोष राहून गेलेला असतो तिथे हा प्रवाह शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि दहा सेकंदांच्या काळ्या फोटोत तो पिक्सेल चांदणीसारखा उठून दिसतो. पडताळा घरबसल्या घेता येतो. पट्टी न काढता लागोपाठ दोन फोटो घ्यावेत, जमल्यास रॉ, म्हणजे फोनने न सुधारलेल्या मूळ स्वरूपात, कारण फोनची प्रणाली असे ठिपके एरवी गुपचूप पुसून टाकते. मग दोन्ही फोटो मोठे करून एकच कोपरा शेजारी-शेजारी पाहावा. बहुतेक ठिपके दोन्ही फोटोंत अगदी त्याच पिक्सेलवर बसलेले आढळतील. बाहेरून येणारा किरण दर वेळी तीच जागा कशाला निवडेल?

दुसरा दावा, टॉवरकडे फोन धरला की ठिपके वाढतात. गच्चीवर ते वाढतही असतील, कारण सिलिकॉनचा डार्क करंट तापमानाच्या दर सहा-आठ अंशांना जवळपास दुप्पट होतो आणि उन्हात धरलेला फोन चांगलाच तापतो. फोन ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये नीट गुंडाळून, त्यावर रिंग जात नाही याची खात्री करून, टायमर लावून फोटो घ्यावा. टॉवरशी संपर्क तुटलेला असतो, ठिपके मात्र जागच्या जागी असतात.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि संदेशात त्याचा विचारच केलेला नाही. सिलिकॉनमधला बांधलेला इलेक्ट्रॉन सुटा करायला किमान 1.12 इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचे एकक) ऊर्जा लागते. टॉवरची 3.5 गिगाहर्ट्झची लहर घेतली, तर तिच्या एका फोटॉनची ऊर्जा याच्या सुमारे 77 हजाराव्या भागाएवढीच भरते. टॉवर दुप्पट जोराचा केला तर फोटॉनांची संख्या दुप्पट होते, एकेका फोटॉनची ऊर्जा तेवढीच राहते. शिवाय या लहरीची लांबी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि फोनच्या एका पिक्सेलची रुंदी मायक्रोमीटरभर. एवढ्या लांब लहरीने शेजारचे सारे पिक्सेल सोडून नेमका एकच उजळावा, हे संभवत नाही. अगदी जवळच्या जोरदार रेडिओ लहरी सर्किटच्या तारांत गोंधळ घालू शकतात, हे मान्य. पण त्या गोंधळाच्या साधारणपणे आडव्या-उभ्या पट्ट्या उमटतात.

मग खरा कण कधीच दिसत नाही का? दिसतो, पण क्वचित. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांपासून वातावरणात तयार होणारे म्यूऑन नावाचे विद्युतभारित कण समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक या प्रमाणात येतात. फोनचा सेन्सर 0.3 चौरस सेंटिमीटरचा धरला, तर तीन-सव्वातीन मिनिटांत एक, म्हणजे दहा सेकंदांच्या वीसेक फोटोंत मिळून एक. एकाच फोटोत शेकडो ठिपके असतील, तर ते म्यूऑन नव्हेत, एवढे या हिशेबातून उघड होते.

राहिली सर्नची पुस्ती. तिथल्या ॲलिस प्रयोगात 2021 मध्ये बसवलेला, कण टिपणारा आतला शोधक खरोखरच कॅमेऱ्याच्या सेन्सरसाठी विकसित झालेल्या पद्धतीने घडवलेल्या चिपांचा आहे: सुमारे 10 चौरस मीटर सिलिकॉन आणि 1,250 कोटी पिक्सेल. मात्र त्यातल्या प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा प्रवर्धक (संकेत मोठा करणारे सर्किट) आणि स्वतःची किमान मर्यादा आहे; ती ओलांडली तरच तो ‘लागला’ असे कळवतो. तरीही एका लागलेल्या पिक्सेलवर तिथे कोणी विश्वास ठेवत नाही. एकाभोवती एक असे सात थर आहेत, आणि चुंबकीय क्षेत्रात वळत गेलेल्या एकाच वक्ररेषेवर त्या थरांतले ठिपके बसले, तरच तो कणाचा माग मानला जातो. सर्नच्या चित्रांतल्या रंगीत रेषा अशा ठिपक्यांतून संगणकाने जुळवलेल्या असतात. एकाच थरावर काम भागवायचे, तर ठिपक्याचा आकार पाहावा लागतो. कण टिपण्यासाठीच बनवलेल्या टाइमपिक्स या चिपवर 55 मायक्रोमीटरच्या पिक्सेलांची 256 गुणिले 256 अशी जाळी असते. तिच्यात अल्फा कण गोल डाग सोडतो, मंद इलेक्ट्रॉन वेडीवाकडी अळी काढतो, आणि तिरपा आलेला म्यूऑन सरळ रेघ ओढून निघून जातो. अशा चिपा 2012 पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात प्रारण मोजत आहेत. फोनचा संवेदनक्षम थर जेमतेम काही मायक्रोमीटर जाडीचा असल्याने त्यात असे आकार अपवादानेच उमटतात.

टॉवरच्या लहरी आरोग्याला कितपत बाधतात हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो विचारायला काहीच हरकत नाही. त्या मोजायच्या असतील तर अँटेना जोडलेला मापक लागतो. तो दर चौरस मीटरला किती वॅट येतात हे आकड्यात दाखवतो. त्यात ठिपके नसतात.