बातमीतून एक पालक नेहमी गायब!

जून २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, आणि आपल्याकडे मथळा तयारच: ‘मालवणचा सुपुत्र’. अहो, जन्म डब्लिनचा! वडील डॉ. अशोक मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे खरंच. पण आई मिरियम आयरिश, परिचारिका; तिला बातमीत भिंग घेऊन शोधावं लागतं.

कमला हॅरिस यांच्या वेळी नेमकं उलट. आई श्यामला तमिळ, म्हणून तमिळनाडूतल्या आजोळच्या गावची, तुळसेंद्रपुरमच्या देवळातली पूजा पडद्यावर, आणि जमैकाचे वडील डोनाल्ड गुल. म्हणजे आपल्याकडचा पालक तेवढा ठेवायचा, दुसरा कात्रीत. आणि ते ‘अर्धी भारतीय’ काय? माणूस आहे की कटिंग चहा?

तिकडे अमेरिकेतही आनंदच. जुलै २०२४ मध्ये ट्रम्प म्हणाले, या आत्ता कुठे कृष्णवर्णीय झाल्या. १९८६ साली हॉवर्डसारख्या कृष्णवर्णीयांच्या नामांकित विद्यापीठातून पदवी घेतलेल्या बाईंबद्दल! अमेरिकेच्या जनगणनेत २००० पासून एकाहून जास्त वंशांवर खूण करता येते. सरकारी फॉर्मला जमतं, मथळेवाल्यांना नाही.

बातमीच्या पहिल्या परिच्छेदात आईवडील दोघांची नावं, दोघांची मुळं, जन्मगाव. दोन ओळी लागतात हो!