प्रकाशाने वारंवारता सरकते, पण त्यामुळे आण्विक घड्याळ खोटे ठरत नाही

आण्विक घड्याळ वेळ मोजते ते अणूच्या दोन ऊर्जापातळ्यांमधल्या फरकातून ठरणाऱ्या वारंवारतेवर. या घड्याळांविषयी एक दावा बराच काळ हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: अणूची वारंवारता मोजायची तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो, प्रकाश पडला की अणूच्या ऊर्जापातळ्या सरकतात, म्हणजे आपण मोजतो ती अणूची खरी वारंवारता नव्हे, तर पाहण्याच्या क्रियेने बिघडलेली वारंवारता, हा बिघाड अनिश्चिततेच्या तत्त्वातून येत असल्याने तो कधीच दूर होणार नाही, सबब अब्जावधी वर्षांत एक सेकंद चुकणाऱ्या घड्याळांचे आकडे निव्वळ जाहिरात आहेत. प्रकाशाने ऊर्जापातळ्या सरकतात हे अगदी खरे आहे, आणि नेमके त्यामुळेच पुढचे चुकीचे निष्कर्ष लोकांना पटतात. ज्या परिणामाशी शास्त्रज्ञ साठ वर्षांहून अधिक काळ झुंजत आले, तोच त्यांच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून मांडला जावा हे मला अन्यायाचे वाटते.

सुरुवात ‘पाहिल्यामुळे अणू बिघडतो’ या विधानापासून करू. प्रकाश म्हणजे वेगाने आंदोलणारे विद्युत क्षेत्र. ते अणूतील इलेक्ट्रॉनांना किंचित इकडेतिकडे ओढते आणि या ओढीमुळे अणूची प्रत्येक ऊर्जापातळी थोडी वर किंवा खाली जाते. यालाच लाइट शिफ्ट म्हणतात. प्रकाशाची वारंवारता अणूच्या स्वतःच्या वारंवारतेपेक्षा थोडी कमी असेल तर तळची पातळी खाली जाते, थोडी जास्त असेल तर वर जाते, आणि सरकण्याचे प्रमाण प्रकाशाच्या तीव्रतेनुसार ठरते. या साऱ्यात कोणी पाहण्याचा संबंध कुठेही येत नाही. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ क्लोद कोहेन-तानूजी यांनी १९६१ मध्ये पाऱ्याच्या वाफेवर हा परिणाम प्रथम दाखवला, तेव्हा मोजमापासाठीचा दिवा एक होता आणि पातळ्या सरकवणारा दिवा दुसराच होता. त्यांचे गुरू आल्फ्रेड कास्टलर तर या परिणामाला ‘लॅम्प शिफ्ट’, म्हणजे दिव्याने घडवलेले सरकणे, असेच म्हणत. त्याहून साधा पुरावा हवा असेल तर प्रयोगशाळेच्या भिंतींकडे पाहावे. त्यांच्यातून बाहेर पडणारे उष्णतेचे प्रारणही अशाच प्रकारे पातळ्या सरकवते. स्ट्रॉन्शियमच्या घड्याळाची वारंवारता ३०० केल्व्हिन तापमानाला त्यामुळे सुमारे २.३ हर्ट्झने घटते. भिंत काही अणूचे निरीक्षण करत नसते.

अनिश्चिततेच्या तत्त्वाचा मुद्दा दोन वेगळ्या गोष्टींच्या गल्लतीतून आला आहे. अणूच्या पुंज (क्वांटम) स्वरूपामुळे येणारी अनिश्चितता दर मोजमापात वेगळी, कधी इकडे तर कधी तिकडे पडते. अधिक अणू घेतले आणि अधिक वेळा मोजले की सरासरीत ती कमी होत जाते. लाइट शिफ्ट मात्र ठरलेल्या परिस्थितीत ठरलेल्या दिशेने आणि ठरलेल्या प्रमाणात होते. सरासरी काढून ती जात नाही, हे कबूल. पण ती यादृच्छिक नसल्यामुळेच तिचा हिशेब मांडता येतो. तराजूच्या एका पारड्याखाली मूळचेच वजन चिकटलेले असेल, तर ते किती आहे हे शोधून वजा करता येते. त्यासाठी तराजू फेकून द्यावा लागत नाही.

आता ‘कधीच दूर होणार नाही’ हा मुख्य मुद्दा. सर्वांत सरळ उपाय म्हणजे मोजण्याच्या क्षणी प्रकाश बंद करणे. सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझियम-१३३ च्या ९,१९,२६,३१,७७० हर्ट्झ वारंवारतेवर आधारलेली आहे, आणि ती कोणताही बाह्य परिणाम नसलेल्या अणूसाठीच आहे. सीझियमच्या कारंजा-घड्याळात लेसरने थंड केलेले अणू वर उडवले जातात, त्यानंतर यांत्रिक झडपा लेसरचा मार्ग पूर्ण बंद करतात, आणि अणू अंधारात वर जाऊन खाली येत असताना त्यांची गाठ फक्त मायक्रोवेव्हशी पडते. लेसर पुन्हा लागतो तो अणू कोणत्या अवस्थेत पोचले हे वाचण्यासाठी, आणि तोवर वारंवारतेची तुलना होऊन गेलेली असते.

प्रकाशीय जाळीच्या घड्याळात मात्र ही सोय नाही, कारण तेथे अणूंना जागेवर धरून ठेवण्याचे कामच लेसर करतो. दावा करणाऱ्यांनी हे उदाहरण घेतले असते तर त्यांची बाजू जास्त भक्कम दिसली असती. स्ट्रॉन्शियमच्या घड्याळाची वारंवारता सुमारे ४२९ लाख कोटी हर्ट्झ आहे, आणि धरून ठेवणारा प्रकाश अणूच्या दोन्ही पातळ्यांना लाखभर हर्ट्झने सहज सरकवू शकतो. घड्याळाला कळतो तो मात्र दोन पातळ्यांमधला फरक. दोन्ही पातळ्या सारख्याच सरकतील अशी तरंगलांबी निवडावी, ही जपानी भौतिकशास्त्रज्ञ हिदेतोशी कातोरी यांची कल्पना २००१ ची. या तरंगलांबीला ‘मॅजिक’ म्हणतात. स्ट्रॉन्शियमसाठी ती सुमारे ८१३.४ नॅनोमीटर आहे. नाव जादूचे असले तरी तेथेही थोडे उरतेच, आणि जे उरते ते मोजले जाते. एका फेरीत जाळीचा प्रकाश तीव्र ठेवतात, पुढच्या फेरीत मंद, पुन्हा तीव्र, पुन्हा मंद, असे तासन्तास चालते. तीव्रतेनुसार वारंवारता किती हलली याचा आलेख काढून तो शून्य तीव्रतेपर्यंत मागे नेला जातो. त्या टोकाला जी वारंवारता मिळते ती प्रकाशाविना असलेल्या अणूची. आलेख अगदी सरळ रेषेत जात नाही, त्याला सूक्ष्म वळण असते, आणि त्या वळणाचीही दखल गणितात घेतली जाते. अमेरिकेतील जिला या संस्थेच्या घड्याळाने २०२४ मध्ये ८.१ भागिले १० चा १९ वा घात एवढी अनिश्चितता जाहीर केली. ही संख्या लाइट शिफ्टसह सगळ्या ज्ञात परिणामांच्या शिल्लक शंका एकत्र करून काढलेली असते. तिला जाहिरात म्हणणे म्हणजे हिशेबाच्या वहीलाच अफवा म्हणण्यासारखे आहे.

मोजणाऱ्या लेसरमुळेच मोठी लाइट शिफ्ट होते अशी घड्याळेही आहेत. यटर्बियम आयनाचे (विद्युतभारित अणूचे) एक अतिशय क्षीण संक्रमण, म्हणजे एका पातळीवरून दुसरीवर जाणे, घडवायला जोरकस प्रकाश लागतो. तेथे जर्मनीच्या राष्ट्रीय मापन संस्थेने २०१२ मध्ये लेसरच्या तीन स्पंदांची अशी मालिका वापरून दाखवली की त्यांचे परिणाम एकमेकांना खोडून काढतात, आणि लाइट शिफ्ट दहा हजार पटींनी दबते.

दाव्यातील एक गोष्ट मी खोडणार नाही. दिव्यावर चालणाऱ्या रुबिडियम घड्याळांत दिव्याची चमक बदलली की वारंवारताही बदलते, आणि जीपीएस उपग्रहांवरच्या अशा घड्याळांत दिव्याच्या चमकेतील अचानक बदलांसोबत वारंवारतेच्या उड्या नोंदल्या गेल्या आहेत. पण त्या नोंदल्या गेल्या आणि त्यांचे कारण सापडले, यावरून बिघाड ओळखता येतो हेच दिसते.

या दाव्यासोबत मांडला जाणारा शेवटचा मुद्दा असा की लाइट शिफ्टमुळे पुंजपातळीवरचे कोणतेही मोजमाप विश्वासार्ह राहत नाही. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ सेर्ज आरोश यांच्या पॅरिसमधील प्रयोगाने याच्या नेमके उलट दाखवले. अतिवाहक आरशांमधल्या पोकळीत एखादा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, आहे की नाही, हे त्यांना तो न गमावता पाहायचे होते. त्यांनी रुबिडियमचे उच्च अवस्थेतील अणू एकामागून एक पोकळीतून जाऊ दिले. हे अणू तो फोटॉन शोषत नाहीत, पण तो आत असेल तर लाइट शिफ्टमुळे अणूच्या आंदोलनाची कला (फेज) अर्ध्या फेऱ्याने पुढेमागे होते. बाहेर पडलेला अणू तपासला की आत फोटॉन होता की नव्हता ते कळते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत अणूंची रांगच्या रांग ‘नाही’ सांगत जाते, मग एका क्षणी ‘आहे’ सांगू लागते, आणि सेकंदाच्या काही अंशानंतर पुन्हा ‘नाही’: एक फोटॉन पोकळीत आला, काही काळ राहिला आणि नाहीसा झाला.