व्हेंटिलेटर होते, मग माणसं का गेली?

कोरोनाचा विषय निघाला की आमच्या भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर हमखास परत फिरतो. त्याचा सारांश असा: ‘दुसऱ्या लाटेत मराठवाड्याला भरपूर व्हेंटिलेटर मिळाले. सरकारी दवाखान्यातल्या लोकांना ते चालवताच आले नाहीत, खोकी पडून राहिली. आत कुणी फिरकत नव्हतं. आणि व्हेंटिलेटर लावलेला एकही वाचला नाही.’ मी आयसीयूत ब्रदर आहे. एकेक मुद्दा घेतो.

खोकी पडून होती, हे खरं. पण किती आणि का, ते मजकुरात नाही. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) घाटी या सरकारी रुग्णालयाला केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर आले होते. त्यातले ११३ वापरायला काढले आणि ते सदोष निघाल्याचं मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आलं. न उघडलेली खोकी उरलेल्या ३७ ची. पहिल्या ११३ चा अनुभव घेतल्यावर पुढची खोकी फोडायची घाई कोण करेल? केंद्राने रुग्णालयांकडेच बोट दाखवलं, तेव्हा खंडपीठाने त्या सुरावर नाराजी व्यक्त केली. शिवाय त्या ११३ मधली काही यंत्रं खासगी रुग्णालयांकडेही गेली होती. म्हणजे सरकारी आणि खासगी, दोन्हीकडचे कर्मचारी एकाच वेळी अडाणी झाले, असं मानावं लागेल.

‘चालवता आले नाहीत’ यावर जरा थांबतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की प्लग लावला, झालं. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे प्रत्येक पाळीत एक सिस्टर किंवा ब्रदर हवा, असा अतिदक्षता विभागाचा निकष आहे. श्वासनलिकेत घातलेल्या नळीत साचलेला कफ सक्शनने काढायचा, झोपेच्या आणि बीपीच्या औषधांचे पंप बघायचे, एबीजीसाठी (रक्तातले ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारी चाचणी) धमनीतून रक्त घ्यायचं, आलेल्या रिपोर्टप्रमाणे डॉक्टर सेटिंग बदलतील तसं बदलायचं. कोविडमध्ये भर पडली पेशंटला पालथं झोपवण्याची. दिवसातून १६ तास पालथं. तोंडात नळी, मानेतल्या मोठ्या शिरेत औषधांची नळी (सेंट्रल लाइन) असलेला ऐंशी किलोचा माणूस उलटवायला चार-पाच जण लागतात आणि एकाने फक्त नळी धरून उभं राहायचं, कारण तोंडातली ती नळी निघाली तर काही मिनिटांत खेळ संपतो. खाटा महिन्याभरात वाढल्या. माणसं कुठून आणणार? प्रसूतीच्या वॉर्डातल्या सिस्टर उचलून आयसीयूत आणल्या, कंत्राटावर पोरं घेतली आणि लाट ओसरल्यावर त्यांना घरी पाठवलं. आता पुन्हा लाट आली तर शिकलेले हात शोधत बसा.

ऑक्सिजनचा हिशेबही याच मुद्द्यात येतो. नाकातून जोराने ऑक्सिजन देणारं हाय फ्लो मशीन मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढतं. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर. म्हणजे एका पेशंटला एक सिलिंडर जेमतेम दोन तास. रात्रीच्या पाळीत कितीदा बदलायचा, ते तुम्हीच काढा. आणि तो ढकलत आणणारे वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) दोनच होते.

आत कुणी फिरकत नव्हतं म्हणे. मराठवाड्यातला एप्रिल-मे आठवा, पारा चाळिशीपार. संसर्ग पसरू नये म्हणून हवा आतल्या आत फिरवणारे एसी बऱ्याच ठिकाणी बंद. त्यात पीपीई किट. एकदा चढवलं की पाळी संपेपर्यंत पाणी नाही, लघवी नाही. चष्म्यावर वाफ, त्यात शीर सापडत नाही. काचेबाहेरून नातेवाइकांना सगळे सारखेच पांढरे दिसायचे, म्हणून आम्ही छातीवर मार्करने नाव लिहायचो. तरी ‘आमच्या पेशंटकडे आज कुणी आलंच नाही’ हे ऐकावं लागायचंच. नातेवाइकांचा राग मी समजू शकतो, त्यांना आत सोडतच नव्हते. मजकूर लिहिणाऱ्याचा मात्र नाही.

शेवटचा मुद्दा, व्हेंटिलेटर म्हणजे मरण. व्हेंटिलेटर लागतो तो मास्क, हाय फ्लो, बायपॅप (घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) सगळं अपुरं पडल्यावर, म्हणजे जे आधीच सगळ्यात वाईट अवस्थेत आहेत त्यांनाच. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या कोविडच्या औषधांच्या चाचणीतून कळलं की डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. औषध मिळालेल्यांपैकी २८ दिवसांत २९ टक्के गेले, बाकीचे तोवर जिवंत होते. आपल्याकडचं चित्र याहून वाईट होतं, हे मी नाकारत नाही. तालुक्याला दोन दिवस, मग जिल्ह्याला खाट शोधत, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन साठ टक्क्यांवर आल्यावर पोचणारा पेशंट ही इथली रोजची गोष्ट होती. पण त्याची फुप्फुसं निकामी केली होती विषाणूने आणि उपचारांना झालेल्या उशिराने, यंत्राने नाही.