दीवला जाताय? मग ‘खुकरी’ नीट बघून या

बडोद्यात कुणी ‘दीवला चाललोय’ म्हटलं की समोरचा आधी डोळाच मारतो. त्यात वावगं काही नाही, कोरड्या गुजरातेत राहणाऱ्याला त्या बेटाची ओढ असायचीच. पण त्याच बेटावर, चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकडीवर १९७१च्या युद्धात बुडालेल्या आयएनएस खुकरी या आपल्या युद्धनौकेचं स्मारक आहे. तिथे आपली मंडळी सूर्यास्ताचे चार फोटो काढतात, काचेच्या पेटीतल्या जहाजापुढे हात जोडतात आणि दहा मिनिटांत खाली उतरतात. हे मला खटकतं. खुकरी का बुडाली, हे डोक्यात घेऊन वर चढा. नुसत्या ‘शहीद झाले’वर भागवू नका.

४ डिसेंबर आपल्याला पाठ असतो: कराचीवरचा हल्ला, नौदल दिन. ८ डिसेंबर १९७१च्या रात्री कराचीवर दुसरा हल्ला झाला, तोही यशस्वी. आणि ९ तारखेला रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर, म्हणजे जवळजवळ ७४ किलोमीटरवर, पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची जगातली ही पहिली घटना. त्यानंतरची थेट १९८२ साली, फॉकलंडच्या लढाईत.

यातली बोचणारी गोष्ट म्हणजे खुकरी पाणबुडी मारायलाच निघाली होती. काठेवाडच्या किनाऱ्याजवळ पाणबुडीचे रेडिओ संदेश पकडले गेले, म्हणून ८ तारखेला खुकरी आणि तिच्याच जातीची किरपाण मुंबईहून सुटल्या. त्यांचं तिसरं भावंड कुठार बॉयलरच्या बिघाडामुळे मुंबईतच अडकलं होतं.

मग शिकारी सावज कसा झाला? जहाजाचा सोनार पाण्यात आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी परत यायची वाट बघतो. म्हणजे आवाजाला जायचं आणि यायचं, दोन्ही अंतरं कापावी लागतात. पाणबुडी इंजिन बंद करून बॅटरीवर गप्प बसते आणि नुसतं ऐकते. तिला एकेरी अंतर पुरतं, म्हणून तिला जहाज कितीतरी आधी कळतं. शिवाय पाण्याच्या थरांचं तापमान बदललं की आवाज वाकतो आणि खाली असा पट्टा तयार होतो की तिथे बसलेली पाणबुडी सोनारला सापडतच नाही. त्यात जहाज जितकं वेगात, तितका त्याचा स्वतःचाच गोंगाट सोनारच्या कानात. खुकरीवर सोनारचा टप्पा वाढवणाऱ्या नव्या जोडणीची चाचणी चालू होती आणि तिच्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता. कमी वेगात तुम्हाला नीट ऐकू येतं, पण टॉर्पेडोला, म्हणजे पाण्याखालून येणाऱ्या स्फोटक अस्त्राला, तुम्ही सोपं सावज ठरता. वेग वाढवून नागमोडी जायला हवं होतं का, हा वाद अजून मिटलेला नाही. मला तरी सगळा दोष त्या एका निर्णयावर ढकलणं पटत नाही. खुकरी पन्नाशीच्या दशकातली ब्रिटिश ब्लॅकवूड वर्गातली फ्रिगेट, हँगोर तेव्हाची नवीकोरी फ्रेंच डाफ्ने वर्गातली. फरक तिथेच पडला होता.

हत्यारांचंही तेच. ब्लॅकवूड जहाजांच्या मागच्या भागात पाणबुडीवर बॉम्ब फेकणाऱ्या, लिंबो नावाच्या तीन नळ्यांच्या दोन उखळ्या असत. त्यांचा मारा फार तर ९०० मीटर. टॉर्पेडो त्याच्या कितीतरी पलीकडून सुटतो. हँगोरचा पहिला टॉर्पेडो किरपाणच्या खालून न फुटता निघून गेला, दुसरा खुकरीखाली फुटला. काही मिनिटांत जहाज पाण्याखाली. खालच्या डेकवरच्यांना अरुंद शिड्या चढून वर यायला वेळच मिळाला नाही. ६७ जण वाचले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला इतरांना बाहेर काढत स्वतः मात्र जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांच्या शेवटच्या क्षणांच्या रंगवलेल्या कहाण्या नेटवर ढिगाने मिळतील. त्या बाजूला ठेवा, मूळ गोष्ट पुरेशी आहे.

स्मारकावर एकच मित्र बरोबर न्या, दहा जणांची टोळी नको. असा मित्र हवा जो ‘पण का?’ असं विचारत राहील. दुपारी काचेवर आभाळाचं प्रतिबिंब पडून आतलं काही दिसत नाही, म्हणून सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. फोटो काढताना मोबाइल काचेला टेकवा. मॉडेलच्या बाजूला उभे राहून लांबी बघा: खरं जहाज ९४ मीटरचं होतं आणि त्याला प्रोपेलर एकच. मग नैऋत्येकडे तोंड करा. टेकडी वीस मीटर उंच धरली तर क्षितिज जेमतेम १६ किलोमीटरवर येतं. खुकरी बुडाली ती जागा त्याच्या चौपटीहून लांब आहे. अंधार पडला की मित्राला सांगा, त्या रात्री दत्तजयंती होऊन आठवडा उलटला होता, पावणेनऊला चंद्र उगवलेलाच नव्हता. अशा काळोखात पाण्यात पडलेला माणूस शोधायचा होता.

एक घोळ हमखास होतो. त्याच नावाची नंतरची खुकरी ही १९८९ साली नौदलात आलेली क्षेपणास्त्र कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका. २०२१च्या डिसेंबरात ती निवृत्त झाली आणि २६ जानेवारी २०२२ला संग्रहालयासाठी दीव प्रशासनाकडे दिली गेली. ‘हीच ती बुडालेली’ असं सांगणारे भेटतील, मान डोलावू नका. ती बघायला मिळते का आणि कधी, हे निघण्याआधी फोन करून विचारा. आणि हो, हँगोरही मोडीत गेली नाही, ती कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवली आहे.

रस्ता: वासद, तारापूर, वटामण, धोलेरा, भावनगर, तळाजा, महुवा, उना, दीव. चारशेच्या आसपास किलोमीटर, चहापाण्यासकट आठ तास धरा. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट नको, मुक्काम ठेवा. दुसऱ्या दिवशी हाताशी वेळ असेल तर उन्याहून पुढे कोडिनारपर्यंत जा, एके काळी ते आपल्या बडोदे संस्थानच्या अमरेली प्रांतात होतं. परतताना चेकपोस्टवर गाड्या तपासतात. डिकीत बाटली सापडली तर स्मारक बघायला गेलो होतो, ही सबब तिथे चालत नाही.