मुलगा ‘तसा’ आहे? मुली पाहायला लागा!

एखाद्या रविवारी जेवणं उरकल्यावर मुलगा म्हणाला, “आई, बाबा, मी गे आहे,” तर आधी खिडक्या लावून घ्या. कोथरूडमध्ये समोरच्या बाल्कनीत सगळं ऐकू जातं. मग त्याला एवढंच विचारा, “आणखी कोणाला बोलला नाहीस ना?” इतकी वर्षं हे एकट्यानं पोटात कसं ठेवलंस वगैरे चौकशा नकोत. त्यानं उगाच बोलणं वाढतं.

पाठोपाठ “ही सगळी पाश्चात्त्यांची थेरं” हे वाक्य टाकून द्यावं. कार्टं शिकलेलं असेल तर उलट सांगेल, की समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलमच मुळात इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलं होतं. सांगू दे. इंग्लंडनं स्वतःकडचा तसला कायदा 1967 मध्ये मोडीत काढायला घेतला. आपण मात्र साहेबाची ठेव 2018 पर्यंत जिवापाड सांभाळली. दिल्ली उच्च न्यायालयानं 2009 मध्ये आपल्या मुलाला गुन्हेगारीतून सोडवलं, सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये परत आत घेतलं, 2018 मध्ये पुन्हा सोडलं. या सगळ्या काळात तो बिचारा आपल्याच घरी वरणभात खात होता, हे लक्षात घ्यायचं कारण नाही.

डॉक्टरकडे न्यायचं मनात असेल तर जरा जपून. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता 1990 मध्येच आजारांच्या यादीतून काढून टाकली आणि असल्या माणसाला ‘बदलून’ देण्याचे उपचार हे 2022 पासून आपल्याकडे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. थोडक्यात, चांगला डॉक्टर तुम्हालाच समोर बसवून समजावेल. त्यापेक्षा एखादे महाराज गाठा. ते कुठलीच यादी वाचत नाहीत.

कर्वे रस्त्यानं रोज जाता म्हणून आठवण करून देतो. महर्षींचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, वाचकांच्या असल्याच नाजूक प्रश्नांना छापील उत्तरं दिली. त्यावरून 1934 मध्ये खटला झाला तेव्हा बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. आपण रस्ता वडिलांच्या नावाचा वापरतो, तेवढं पुरे.

आता मुख्य औषध : लग्न. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि विषय संसदेवर सोडला. म्हणजे ज्याच्यासोबत जन्म काढायचाय त्याच्याशी आपल्या मुलाला लग्न करता येत नाही. जिच्यासोबत त्याला चार दिवस काढता येणार नाहीत तिच्याशी मात्र आपण ते दणक्यात लावून देऊ शकतो. सोय बघा! (मुलगीच ‘तशी’ असेल तर काम आणखी सोपं. तिला विचारतोय कोण?)

वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर रक्तगट, गोत्र, नाड, मंगळ सगळं चोख भरा. नेमकी ती एक गोष्ट लिहायला रकानाच नसतो, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागत नाही. पोह्यांच्या कार्यक्रमात मुलगा मान खाली घालून बसेल. मुलीकडचे म्हणतील, “फारच सभ्य हो!” दोघांना बोलायला बाल्कनीत पाठवावं लागेलच, पण मावशीला मागोमाग चहा घेऊन धाडा. वाळत घातलेल्या टॉवेलशी चाळा करत तो “मला तुम्हाला एक सांगायचंय...” एवढ्यावर आला, की मावशीनं विचारायचं, “साखर बरोबर आहे ना गं?”

राहिला त्याचा रूममेट. पूर्वी त्या दोघांच्या फ्लॅटच्या मालकानं “मुली आणायच्या नाहीत” ही अट घातली होती आणि दोघांनी ती इतकी मनापासून पाळली, की मालक अजून कौतुक करतो. दर गणपतीत हा मुलगा आपल्याकडे आरतीला येतो, निघताना तुमच्या पाया पडतो. त्याला दुखवू नका. लग्नात काम द्या. चांगला उंच आहे, आंतरपाटाचं एक टोक त्यालाच धरायला सांगा.

पुढचं सगळं सुनेवर सोपवायचं. ती महिनाभरानं माहेरी जाऊन रडली तर “जुळवून घ्यावं लागतं, बाई” म्हणा. वर्षानं पाळणा हलला नाही तर तपासण्या आधी तिच्या करा. आपल्यातच काही कमी आहे, असं तिला एकदा वाटायला लागलं की ती कोणाला काही विचारत नाही. तिला खरं कळलंच आणि प्रकरण शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात गेलं, तर पदर डोळ्याला लावून सांगा, “आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?” रविवारच्या त्या खिडक्या आपण लावल्या होत्याच.

आणि हो, धाकट्याचीही पत्रिका काढून ठेवा. तो हल्ली काहीतरी सांगायचंय म्हणून घुटमळतोय.