चार ते चार

ऐंशी रुपयांचा प्रश्न नाही, असं मी तीन दिवस सगळ्यांना सांगतोय. प्रश्न ऐंशी रुपयांचाच आहे.

काम साधं. एका संशोधनासाठी घरोघर जाऊन 'काल काय केलं' ते लिहून आणायचं. सरकारने २०१९ला आणि पुन्हा २०२४ला देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, त्याच साच्यातला फॉर्म: काल पहाटे चार ते आज पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ रकाने, सहा वर्षांवरच्या प्रत्येकाचे.

अमळनेरजवळचं गाव, मे महिना. ओसरीवर उडदाच्या पापडांचा कारखाना. आप्पांनी मला पाहताच कोपऱ्यातला झाडू उचलला. कागद दिसला की पुरुषांना झाडू का सापडतो, यावर कुणीतरी वेगळं संशोधन करावं. "सकाळी आंगण मीच झाडतो," आप्पा म्हणाले. सुनेने लाटता लाटता नुसतं वर पाहिलं. त्या पाहण्याला फॉर्मात कोड नाही.

सुनेचा पहिला रकानाच अडला. पहाटे चार ते साडेचार: पाणी भरलं, चूल पेटवली, पोराला थोपटलं, पीठ भिजवलं. मी विचारलं, "यातलं मुख्य काम कोणतं?"

उत्तर आजींनी दिलं. "आनि तू काय काम करस रे भो?"

"हेच. लोक काय करतात ते लिहितो."

"आनि त्याना पैसा भेटतस?"

फॉर्ममागे ऐंशी, असं सांगितलं. बसभाडं पदरचं, हे नाही सांगितलं. पाच बायकांसमोर अब्रू किती घालवायची? आजींनी मला नीट न्याहाळलं आणि हातात काठी दिली. "मंग गच्चीवर बस. कावळा येतस. सून खाले लाटी, तू वरथून इचार."

गेलो. काय करणार, माहिती तिच्याकडे होती. बाजेवर जुनी साडी, साडीवर पापड, डोक्यावर फॉर्मचा पुठ्ठा. मी कठड्यावरून ओरडायचो, "दुपारी दोन ते अडीच?" खालून उत्तर यायचं, "भांडे!" दर दोन उत्तरांमागे एक कावळा. ४८ रकाने भरले, शपथेवर सांगतो, एकही मनचा नाही. निघताना आजींनी चार कच्चे पापड कागदात बांधून दिले आणि त्यातले दोन तुटके होते.

फॉर्म खरा की घरी बसून भरलेला, हे तपासायला सुपरवायझर फोन करतात. केला. आजींनीच उचलला.

"सर्वेवाला? नही भो, कोनी नही उनं. पापड राखाले एक पोऱ्या उना व्हता."